निपाणी ते येळ्ळूर: प्रथिनांच्या मागावर

रविवार, निपाणीच्या वाटेवर

बारावीच्या मुलांना प्रथिननिर्मिती विचारा, आकृती लगेच काढून देतील. केंद्रक, त्यातून बाहेर पडणारा आरएनए, त्याच्यावर बसलेला रायबोसोम, बाण, नावं, सगळं जिथल्या तिथे. पण ‘हे प्रथिन तुझ्या गावात कुठे आहे?’ असं विचारलं की उत्तर येतं, डाळीत, अंड्यात आणि डब्यातल्या पावडरीत. बेळगावात जीवशास्त्र शिकवताना ही गोष्ट मला कायम टोचत आली आहे. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत पुण्याची भाची यायची म्हटल्यावर मी तिला थेट घरी नेलं नाही. कोल्हापुरातच गाठलं आणि सांगितलं, आपल्या सीमाभागात प्रथिन जिथे हाताला लागतं तिथे तिथे जायचं.

कागल मागे पडलं, दूधगंगा ओलांडली, कोगनोळीपासून पाट्या कानडीत सुरू झाल्या. बसमध्येच उजळणी घेतली. तिचा पहिलाच प्रश्न, “मावशी, माहिती डीएनएत आहे तर मधे आरएनए कशाला?” मी म्हटलं, जमिनीचं मूळ दप्तर तालुका कचेरीत असतं, ते कोणी घरी नेत नाही. आपल्या सर्व्हे नंबरचा उतारा काढायचा, काम भागवायचं, जुना झाला की नवा काढायचा. डीएनए केंद्रकातच राहतो. लागेल तेवढ्याच जनुकाची आरएनएत नक्कल होते, तिच्यातले नको असलेले मधले तुकडे कापले जातात आणि उरलेला संदेश केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर पेशीद्रवात येतो. काही मिनिटांत, काही तासांत, फार तर काही दिवसांत तो मोडून टाकला जातो.

पुढचं काम रायबोसोमचं, म्हणजे पेशीतल्या प्रथिन जोडणाऱ्या यंत्राचं. संदेशातली अक्षरं चार (ए, यू, जी, सी), वाचायची तीन-तीनच्या गटाने. असे गट होतात 64. त्यातले 61 गट मिळून 20 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या कड्या, सांगतात, उरलेले 3 म्हणजे ‘थांब’. सुरुवात बहुतेक वेळा एयूजी या गटापासून. प्रत्येक अमिनो आम्ल घेऊन येणारा एक छोटा आरएनए असतो. त्याच्या एका टोकाला संदेशाशी जुळणारी तीन अक्षरं, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. अक्षरं जुळली की अमिनो आम्ल साखळीत जोडलं जातं आणि रायबोसोम तीन अक्षरं पुढे सरकतो.

इथे मुलं नेहमी एक गोष्ट सोडून देतात आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रायबोसोम फक्त अक्षरं जुळतात का ते बघतो. आलेलं अमिनो आम्ल बरोबर आहे की नाही, हे तो तपासत नाही. 1962 साली शास्त्रज्ञांनी सिस्टीन वाहणाऱ्या आरएनएवरच्या सिस्टीनचं रासायनिक क्रियेने अॅलॅनिन करून टाकलं, तर रायबोसोमने सिस्टीनच्या जागी बिनदिक्कत अॅलॅनिन बसवलं. योग्य आरएनएला योग्य अमिनो आम्ल चिकटवायची जबाबदारी वेगळ्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची. ती विकरं चोख काम करतात म्हणून आपण धड आहोत.

ही लिपी उलगडायला सुरुवात झाली 1961 मध्ये. नीरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या ‘यू’ अक्षरांचा आरएनए पेशींच्या अर्कात घातला आणि नुसत्या फिनाइलअॅलॅनिनची साखळी बाहेर आली. मुलतान जिल्ह्यातल्या रायपूर गावात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए प्रयोगशाळेत बनवून उरलेल्या बऱ्याच गटांचे अर्थ पक्के केले. 1968 चं नोबेल नीरेनबर्ग, खुराना आणि हॉली यांना मिळालं. भाचीला खुरानांचं नाव माहीत होतं, काम माहीत नव्हतं. आपल्या पुस्तकांत नाव चौकटीत छापतात आणि काम गाळतात, याचं मला वाईट वाटतं.

सोमवार, निपाणी

निपाणी म्हणजे तंबाखू. माझ्या नणंदेच्या सासरचं शेत गावाबाहेर आहे. तिचे दीर, ज्यांना आम्ही दाजी म्हणतो, आम्हाला घेऊन गेले. लावणी होऊन रोपं गुडघ्याच्या वर आली होती. दाजींना मी आधीच सांगून ठेवलं होतं, चांगलं रोप नको, बिघडलेलं दाखवा.

“हे बघा ताई, ह्या सरीत दोन-चार हाईत. पान कसं चितारल्यागत झालंय.”

भाचीने पान उन्हासमोर धरलं. फिकट हिरव्या पानावर गडद हिरवे ठिपके पसरलेले. गडद भाग फुगून वर आलेला, फिकट भाग पातळ. शेंड्याकडची पानं अरुंद आणि मुरडलेली. हा तंबाखूचा मोझॅक. जगात माणसाला सापडलेला पहिला विषाणू याच रोगातून सापडला. 1892 मध्ये इवानोव्स्की यांनी रोगट पानाचा रस जिवाणूही अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने रोग लागला. 1898 मध्ये बेयरिंक यांनी हा जिवाणूंपेक्षा वेगळाच काही प्रकार आहे असं ठामपणे मांडलं. 1935 मध्ये स्टॅन्ली यांनी त्याचे स्फटिक काढून दाखवले. मीठ-साखरेचे स्फटिक होतात हे ठाऊक होतं, पण रोग पसरवणाऱ्या गोष्टीचेही होतात, हे तेव्हा धक्कादायक होतं.

हा विषाणू म्हणजे 300 नॅनोमीटर लांबीची काडी. आत सुमारे 6,400 अक्षरांचा एकच आरएनए, त्याच्याभोवती एकाच प्रथिनाच्या 2,130 प्रती. ते प्रथिन 158 अमिनो आम्लांचं. संपला विषाणू. त्याच्याकडे रायबोसोम नाही, ऊर्जा नाही, अमिनो आम्लं नाहीत. 1956 मध्ये असंही दिसलं की प्रथिनाचं आवरण काढून नुसता आरएनए पानावर चोळला तरी रोग लागतो आणि नवे विषाणू आवरणासकट तयार होतात. आवरण कसं बांधायचं हे आरएनएतच लिहिलेलं होतं.

भाचीने विचारलं, “पण पेशी त्याला बनवून का देते?” रविवारी सांगितलं त्यातच याचं उत्तर आहे. रायबोसोम संदेश कुणाचा आहे ते विचारत नाही. या विषाणूचा आरएनए हाच तयार संदेश असतो, केंद्रकात जायचीही त्याला गरज पडत नाही. काडीच्या एका टोकाची थोडी प्रथिनं सैल झाली की आरएनएचं टोक उघडं पडतं, तंबाखूचा रायबोसोम त्यावर चढतो आणि वाचत पुढे जाताना उरलेलं आवरण स्वतःच ढकलून काढत जातो. रोपाचं स्वतःचं यंत्र विषाणूला सोलतं आणि सोलता सोलता त्याची प्रथिनं बनवतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं काही वाचता आलं नव्हतं.

आणखी एक बारकावा आहे. विषाणूच्या संदेशात एका ठिकाणी ‘थांब’ असं लिहिलेलं आहे. बहुतेक रायबोसोम तिथे थांबतात आणि एक प्रथिन मिळतं. पण तंबाखूच्या पेशीत टायरोसिन वाहणारा एक आरएनए असा आहे, की तो कधीकधी त्या ‘थांब’लाच जुळतो. मग थोडे रायबोसोम पुढे वाचत जातात आणि जास्त लांबीचं दुसरं प्रथिन तयार होतं. आरएनएच्या नव्या प्रती काढायला विषाणूला दोन्ही लागतात, पहिलं जास्त आणि दुसरं थोडं. एका संदेशात दोन प्रथिनं, तीही हव्या त्या प्रमाणात.

दाजींना मात्र हे पसरतं कसं, ते हवं होतं. हाताने पसरतं. पसरायला कीड लागत नाही, वारा लागत नाही. रोगट पान खुडलेला हात निरोगी पानाला लागला, पानावरचे चार केस मोडले, बस झालं. विषाणू इतका टिकाऊ आहे की वाळलेल्या तंबाखूतही तो जिवंत राहतो. त्यामुळे बिडी ओढून किंवा तंबाखू मळून तसाच रोपांना हात लावू नये. रोगट रोप उपटून बांधाबाहेर न्यावं, मगच दुसऱ्या कामाला लागावं आणि त्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवावेत. रोपं हाताळताना हात दुधात बुडवायचाही एक जुना उपाय आहे. दुधातली प्रथिनं विषाणूला निकामी करतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. दाजी म्हणाले, “दूध डेरीला घालायचं का हाताला लावायचं?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, साबण पुरे.

मंगळवार, गोकाक

संकेश्वर, हुक्केरी करत गोकाकला. पावसाळा नुकताच सरलेला, घटप्रभा गढूळ आणि भरलेली. सुमारे 52 मीटरवरून पाणी कोसळतं आणि झुलत्या पुलापर्यंत तुषार येतात. 1887 पासून इथे पाण्यावर वीज होते. पुलावर उभं राहून बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ऊर्जेचा विषय परतीच्या वाटेवर निघाला. साखळीत एक अमिनो आम्ल जोडायला पेशीला चार उच्च-ऊर्जा बंध खर्च करावे लागतात. अमिनो आम्ल आरएनएला चिकटवताना दोन बंध, रायबोसोमवर दोन. भराभर वाढणाऱ्या जिवाणूची सर्वांत जास्त ऊर्जा याच कामावर जाते. करदंट, ही इथली मिठाई, घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीने बेळगाव गाठलं.

बुधवार, वडगाव

वडगाव-शहापूर भागात शिरलं की आधी माग ऐकू येतात, मग दिसतात. ओळखीच्या एका काकींकडे गेलो. घराच्या पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत कांड्या भरायचं काम. आता बरंचसं काम कृत्रिम धाग्याचं असतं, पण काकींनी जपून ठेवलेली खऱ्या रेशमाची एक लड काढून दिली.

“ओळखायचं कसं, ठाऊक हाय का गं पोरी?” असं म्हणत त्यांनी दोन्ही प्रकारचे दोन धागे तोडले आणि काडी ओढली. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक काळा मणी झाला. रेशमाचा धागा आक्रसत, चरचरत जळला, केस जळल्याचा वास आला आणि उरलेला काळा गोळा काकींनी बोटांत चुरडला तर त्याची भुकटी झाली. भाचीने दोनदा वास घेतला. केस प्रथिन, रेशीम प्रथिन, म्हणून वास तोच.

रेशमाच्या मोठ्या प्रथिनात, म्हणजे फायब्रॉइनमध्ये, 5,263 अमिनो आम्लं आहेत. त्यातली जवळजवळ निम्मी ग्लायसिन. ग्लायसिन सगळ्यांत लहान, त्याच्या बाजूला नुसता एक हायड्रोजन. ग्लायसिन, अॅलॅनिन, ग्लायसिन, अॅलॅनिन, ग्लायसिन, सेरिन असा क्रम पुन्हा पुन्हा येतो. बाजूला काही अडचण नसल्यामुळे साखळ्या एकमेकींना अगदी खेटून, थरावर थर बसतात. धाग्याची ताकद त्यातून येते. ग्रंथीत हेच द्रवरूप असतं. अळी तोंडातून ओढत ओढत बाहेर काढते तेव्हा त्याचा धागा होतो, भट्टी नाही, उष्णता नाही.

आणि वेग बघा. रेशीमग्रंथीच्या पेशीत फायब्रॉइनच्या एका जनुकापासून सुमारे 10,000 संदेश निघतात. एकेका संदेशावरून सुमारे 1 लाख प्रथिनं तयार होतात. म्हणजे एका जनुकापासून 100 कोटी रेणू, तेही 4 दिवसांत. एकच संदेश अनेक रायबोसोम एकामागून एक वाचत असतात म्हणून हे जमतं. त्या दिवसांत ग्रंथीच्या पेशी ग्लायसिन आणि अॅलॅनिन वाहणारे आरएनएही भरपूर वाढवून ठेवतात, नाहीतर काम तिथेच अडलं असतं. काकी हे सगळं ऐकून घेत होत्या, कांडी भरायचं थांबलं नव्हतं. “चार दिसात?” एवढंच त्यांनी पुन्हा विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी लड उचलून परत एकदा नीट बघितली.

गुरुवार, बेळगाव

सकाळी आमच्या गवळ्याच्या गोठ्यात, दुपारी कुंद्याच्या, म्हणजे दूध आटवून केलेल्या इथल्या मिठाईच्या, दुकानात.

दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के तेच. ते पेशीच्या आत राहून उपयोग नाही, बाहेर कासेत यायला हवं. हे कसं ठरतं? साखळीच्या सुरुवातीलाच काही अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. तो रायबोसोममधून बाहेर डोकावला की काम क्षणभर थांबतं, रायबोसोम आंतरद्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या, पडद्यावर नेऊन टेकवला जातो आणि पुढची साखळी थेट पडद्याच्या आत उतरते. काम झालं की तो तुकडा कापला जातो. या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं. पुढे गॉल्गीपिंडात केसीनला फॉस्फेट जोडलं जातं, त्याच्या आधाराने कॅल्शियम धरलं जातं आणि त्याचे सूक्ष्म कण होतात. दूध पांढरं दिसतं त्याला हे कण मोठं कारण आहेत.

गवळी काकांनी ‘ए-टू’ दुधाबद्दल विचारलं, गिऱ्हाइकं हल्ली विचारतात म्हणाले. बीटा-केसीनच्या 209 अमिनो आम्लांपैकी 67 व्या जागी प्रोलिन असेल तर ए-टू, हिस्टिडिन असेल तर ए-वन. जनुकातलं एकच अक्षर बदललं, सीसीटीचं सीएटी झालं (डीएनएत यूच्या जागी टी असतो), एवढाच हा फरक. म्हशीचं दूध मुळातच ए-टू. ए-वन दुधाने मोठे आजार होतात या दाव्याची युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2009 मध्ये छाननी केली, तेव्हा तसा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला आढळला नाही. दुप्पट भावाने दूध विकताना एवढं तरी गिऱ्हाइकाला सांगावं, असं माझं मत आहे.

कुंदा आटवताना येणारा तो तपकिरी रंग आणि खमंगपणा, त्यातही प्रथिनांचा हात आहे. केसीनमधल्या लायसिनची साखरेशी गाठ पडते आणि तापत तापत रंग चढतो. दुकानात गरम कुंदा खाल्ला, फार बोललो नाही.

शुक्रवार, खानापूर

बेळगावहून खानापूरला जाताना माती लाल होत जाते, कौलांच्या भट्ट्या दिसतात, मग झाडी दाट होते. मलप्रभेच्या अलीकडे एका विद्यार्थिनीच्या वडिलांचं शेत. भाताच्या कडेने त्यांनी उशिरा चवळी पेरलेली होती. एक रोप मुळांसकट अलगद काढून पाण्यात धुतलं. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. भाचीने एक गाठ नखाने कापली. आत गुलाबी, जवळजवळ रक्ताचा रंग.

तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातल्या प्रथिनाचा. गाठीत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. हवेतल्या नत्राचं अमोनिया करणारं त्यांचं विकर ऑक्सिजनने निकामी होतं, पण जिवाणूंना जगायला तर ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेताने पुरवतं. हे प्रथिन बनतं चवळीच्या जनुकावरून, चवळीच्या रायबोसोमवर. नत्र पकडणारं विकर बनतं जिवाणूच्या रायबोसोमवर. दाण्याएवढ्या गाठीत दोन जातींचे रायबोसोम शेजारी शेजारी काम करतात, लिपी एकच. आणि त्या नत्रातूनच पुढे अमिनो आम्लं होतात, म्हणजे रविवारपासून आम्ही ज्यांच्याबद्दल बोलत होतो त्यांचा कच्चा माल इथून येतो.

जिवाणूचे रायबोसोम आपल्यापेक्षा लहान आणि बांधणीत वेगळे असतात. या फरकावर कितीतरी औषधं उभी आहेत. भातशेतीत चिखलात राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार झाला की डॉक्टर बऱ्याचदा डॉक्सिसायक्लिन देतात. ते जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागाला चिकटतं आणि अमिनो आम्ल आणणाऱ्या आरएनएला बसूच देत नाही. आपल्या पेशींच्या रायबोसोमवर त्या मात्रेत त्याचा तसा परिणाम होत नाही. वेंकी रामकृष्णन यांना 2009 चं नोबेल मिळालं ते याच लहान भागाची अणूअणूंची रचना उलगडण्यासाठी. त्यांच्यासोबत होते थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ. या सगळ्या कामातून एक आश्चर्यही पुढे आलं. रायबोसोममध्ये आरएनएही आहे आणि प्रथिनंही, पण अमिनो आम्ल जोडण्याची जागा आरएनएची आहे. प्रथिनं बनवणारं मुख्य विकर स्वतः प्रथिन नाही. भाची म्हणाली, “मग पहिलं प्रथिन कुणी बनवलं, हा प्रश्नच सुटला की!” सगळा सुटलेला नाही, पण तिने बरोबर दिशेला बोट ठेवलं होतं आणि पुस्तक न उघडता ठेवलं होतं. मला याहून जास्त काही नको होतं.

शनिवार, येळ्ळूर

राजहंसगडावरून खाली येळ्ळूरची भातखाचरं दिसतात. बेळगाव बासमती निसवली होती, बांधावरून चालताना वास येत होता. भात कापला की याच रानात, उरलेल्या ओलीवर, मसूर पेरतात.

दुपारी बांधावर भात आणि अख्खा मसूर. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी, मसुरात भरपूर. मसुरात मेथिओनिन कमी, ते भाताकडून मिळतं. आपलं शरीर नऊ अमिनो आम्लं पुरेशी बनवू शकत नाही आणि ही दोन्ही त्यातलीच. लायसिन संपलं तर त्याच्या अक्षरांपाशी रायबोसोम खोळंबतो, बाकीची एकोणीस असली तरी साखळी पुढे सरकत नाही. रिकामे आरएनए साचायला लागले की जीसीएन-टू नावाचं प्रथिन ते ओळखतं आणि पेशीतलं प्रथिनाचं बहुतेक काम आवरतं घ्यायला लावतं. तूट भरायला शरीर मग स्वतःच्या स्नायूंमधलं प्रथिन मोडतं. ताटात भाताबरोबर मसूर असावा तो यासाठी. एकाच घासात नको, दिवसभरात मिळाला तरी चालतो.

शेताचे मालक आमचं बोलणं ऐकत जेवत होते. त्यांनी विचारलं, “बाई, मसुराला ते जिवाणूचं पाकीट लावतात, त्याचा खरंच फायदा होतोय काय?” त्या रानात दरवर्षी मसूर होत असेल तर मुळांना गाठी बघा, आतून गुलाबी असतील तर जिवाणू आहेतच. नव्या रानात मात्र जरूर लावा, मसुराचं वेगळं पाकीट मिळतं तेच आणा. गुळाचं पाणी उकळून गार करायचं, त्यात पाकीट कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. उन्हात ठेवायचं नाही. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू शेवटी. त्यांनी मोबाइलवर लिहून घेतलं आणि भात कापून झाल्यावर फोन करतो म्हणाले.